उजव्या हाताची उपेक्षा

गिटार शिकायला बसलेल्या नवशिक्याची नजर पहिले काही महिने डाव्या हातावरून हटत नाही. डावा हात तारा दाबतो, बोटांच्या आकृत्या बांधतो, त्या आकृत्यांना सी, जी, ए मायनर अशी नावे असतात. आणि नाव असलेली गोष्ट आली म्हणजे विद्या आली, अशी आपल्या सर्वांचीच समजूत असते. उजवा हात मात्र वेठीला धरल्यासारखा राबत राहतो. त्याचे कोणी कौतुक करीत नाही आणि त्याच्या चुकांकडेही कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक वाद्य वाजते ते त्याच्यामुळे. डाव्या हाताने कितीही अवघड आकृती बांधली तरी उजव्याने तार छेडल्यावाचून नाद उमटत नाही. आणि तो कधी, किती जोराने, कोणत्या क्रमाने उमटावा हे सर्वस्वी उजव्या हाताच्या स्वाधीन असते.

मराठी साहित्याच्या अध्यापनात आपण गेली कित्येक वर्षे केवळ डाव्या हाताकडे पाहत आलो आहोत, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी गिटारची वाट धरणे हा वाचकांना द्राविडी प्राणायाम वाटण्याचा संभव आहे. परंतु हे मत आम्हांला कोणत्या ग्रंथात सापडलेले नाही. तारांवर बोटे अडखळता अडखळता ते हाती आले. तेव्हा ज्या वाटेने आम्ही आलो त्याच वाटेने वाचकांना नेणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमचे वास्तव्य जवाहरनगरला. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या आयुध निर्माणीच्या आधाराने वसलेली ही वसाहत. एकसारखी क्वार्टर्स, कारखान्याच्या पाळ्यांवर चालणारी घरे, नाना प्रांतांतून नोकरीसाठी आलेली आणि इथलीच होऊन गेलेली कुटुंबे, आणि वसाहतीबाहेर पडले की धानाच्या बांध्या. याच परिसरातल्या एका महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो. भाचा नोकरीनिमित्त पुण्याला जाताना आपली गिटार आमच्या घरी ठेवून गेला. दोन वर्षे ती कपाटावर धूळ खात पडली होती. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही ती खाली काढली, याचे कारण सांगण्यासारखे नाही. संध्याकाळी वेळ जात नव्हता, इतकेच. शिकवायला आला तो आमचाच एक माजी विद्यार्थी. तीन वर्षे मागच्या बाकावर बसून, रसग्रहणाच्या प्रश्नाला पाठ केलेल्या चार ओळी लिहून, जेमतेम गुणांनी उत्तीर्ण झालेला. आमच्या लेखी तो साहित्यात गती नसलेला मुलगा होता. हा उल्लेख मुद्दाम केला आहे. पुढे त्याचे प्रयोजन कळेल.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सर, डावा हात मांडीवर ठेवा. पंधरा दिवस त्याचं काही काम नाही." आम्ही गाणे शिकण्याच्या तयारीने बसलो होतो. त्याने आम्हांला सहा मोकळ्या तारा दिल्या.

बोटांनी तारा छेडण्याची ही पद्धत सांगायला अगदी सोपी आहे. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. सहावी, पाचवी आणि चौथी या खर्जाच्या तीन तारा अंगठ्याच्या ताब्यात. तिसरी तर्जनीकडे, दुसरी मध्यमेकडे, पहिली अनामिकेकडे. करंगळीला काम नाही. स्पॅनिश भाषेतल्या बोटांच्या नावांची (पुल्गार, इंदिसे, मेदिओ, आनुलार) आद्याक्षरे घेऊन हा क्रम पी, आय, एम, ए असा लिहिला जातो. एका ठोक्याला एक तार; मिनिटाला साठ ठोके; अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, आणि पुन्हा अंगठा. अंगठा तर्जनीच्या आड दडू द्यायचा नाही, वाद्याच्या मानेच्या दिशेने थोडा पुढे ठेवायचा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. तार बोटात अडकवून वर उचलायची नाही; तशी उचलली की ती परत आदळते आणि खडखडते. बोट मुळाच्या सांध्यातून हलवून, तार ओलांडून, तळहाताकडे न्यायचे. मनगट सैल असावे.

हे वाचायला वाचकांना एक मिनिट लागले असेल. आमच्या हाताला ते उमजायला पाच आठवडे लागले. अनामिका मध्यमेला सोडून हलेना. तर्जनी नेहमी गडबडीने आधी पोहोचे. चारही आघात सारख्या वजनाचे असावेत एवढी साधी अपेक्षा, पण अंगठ्याचा आवाज ढोलासारखा आणि अनामिकेचा जेमतेम कानी पडणारा. आपला स्वतःचा हात आपल्याला इतका अनोळखी असावा, याचा एखाद्या शिक्षकाला व्हावा तेवढा अपमान आम्हांला झाला.

खरी परीक्षा पुढे होती. डावा हात एकदाचा कामाला लागल्यावर त्याने आम्हांला फिरत्या खर्जाचा धडा दिला. सीची आकृती धरायची. अंगठा पाचव्या आणि चौथ्या तारेवर आळीपाळीने, चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा, चार मात्रांचे चार ठोके देत राहतो. बोटे मधल्या अर्ध्या मात्रांवर बारीक तारा छेडतात. अमेरिकेतील केंटकीचा मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) याच्या नावाने ही चाल आज जगभर ओळखली जाते. तो स्वतः बहुतेक वेळा अंगठा आणि एकटी तर्जनी यांवरच सगळा कारभार चालवीत असे. अडचण अशी की बोटांनी काही वेगळे करायचे ठरवले की अंगठा थांबतो. तो बोटांच्या मदतीला धावतो, त्यांच्याबरोबर लवकर पडतो, किंवा त्यांचे कौतुक पाहत उभा राहतो. "सर, अंगठा काहून थांबते जी?" हा प्रश्न आम्ही त्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकला याची गणती नाही. त्याचे सांगणे एवढेच होते की बोटे चुकली तर चुकू द्या, अंगठा चुकता कामा नये. ऐकणाऱ्याला चुकलेले बोट कळत नाही, थांबलेला अंगठा मात्र कळतो.

या सूचनेत एक संपूर्ण काव्यशास्त्र दडलेले आहे असे आम्हांला वाटते. मनाचे लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकते. दोन गोष्टी एकदम करायच्या तर त्यांतली एक लक्षाच्या बाहेर, हाताच्या स्वाधीन करावी लागते. अंगठा ज्या दिवशी आपल्यावाचून चालू लागतो त्याच दिवशी बोटांना स्वातंत्र्य मिळते. यांत्रिक सराव हा निर्मितीचा वैरी आहे अशी एक सुशिक्षित समजूत आपल्याकडे रूढ आहे. गिटारवर बसलेल्या माणसाला तिचा फोलपणा दोन महिन्यांत कळतो.

आणि गिटारपर्यंत तरी कशाला जावे? आपल्याकडे हे जाणणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. जात्यावर बसलेल्या बाईचा हात खुंट्याला धरून फिरत असे. त्या फेऱ्याला एक ठरलेली गती होती, दाणे घालण्याचा एक ठरलेला क्षण होता, आणि त्याकडे तिला लक्ष द्यावे लागत नव्हते. म्हणूनच तिची वाणी मोकळी होती. माहेर, सासर, भाऊ, पंढरी, सीता, सारे काही तिने त्या फेऱ्यावर रचले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. ही प्रचंड काव्यनिर्मिती कोणत्या काव्यशाळेत झाली, असे विचारले तर उत्तर एकच, दळणाऱ्या हाताच्या शाळेत. पिठाच्या गिरण्या आल्या, हात थांबला आणि ओवीही थांबली. ओवीचे शब्द विसरले गेले म्हणून ती संपली असे नाही. तिचा अंगठा थांबला म्हणून ती संपली.

तंबोऱ्याचेही तसेच. चार तारांचा तंबोरा: पहिली तार मध्यमेने, उरलेल्या तीन तर्जनीने, एकामागून एक. गुरूच्या मागे बसून शिष्य वर्षानुवर्षे एवढेच करीत असे. तबल्याचा ताल विलंबित असो की द्रुत, तंबोऱ्याची गती तालाला बांधलेली नसते. तिने आपल्याच संथ चालीने चालायचे असते. म्हणजे गळा एका लयीत, हात दुसऱ्या लयीत. आमच्या विद्यार्थ्याने गिटारवर जे शिकवले तेच आपल्या संगीतात पहिल्या पायरीवर ठेवलेले होते. त्याला कोणी तंत्राचा धडा म्हटले नाही. ती गुरुसेवा समजली गेली.

आता वर्गाकडे वळू. बा. सी. मर्ढेकरांचे लयतत्त्व आपल्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना ठाऊक असते. संवाद, विरोध, समतोल हे तिन्ही शब्द विद्यार्थी झोपेतही सांगतील. त्यावर दीर्घोत्तरी प्रश्न येतो, त्याचे उत्तर गाईडमध्ये असते, ते उत्तरपत्रिकेत उतरते, आम्ही त्यावर गुण देतो. आम्ही मागील वर्षी सहज म्हणून वर्गाला विचारले की अभंगाचा एक चरण म्हणताना टाळी कुठे पडते. चाळीस मुलामुलींच्या वर्गात शांतता पसरली. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक, ही व्याख्या अनेकांना येत होती. टाळी मात्र कोणाला देता येईना. मग भुजंगप्रयात विचारला. ज्या वृत्तात समर्थांनी मनाचे श्लोक लिहिले, जे महाराष्ट्रात शतकानुशतके पोरासोरांच्या तोंडी होते, त्याचे लघु-गुरु-गुरु चार वेळा हाताने वाजवून दाखवा म्हटले, तर एकमेकांकडे पाहून हसू झाले.

यात विद्यार्थ्यांचा दोष काडीचाही नाही. त्यांना आम्ही डाव्या हाताच्या आकृत्या शिकवल्या. अस्तित्ववाद, देशीवाद, संहिता, आदिबंध ही सारी नावे असलेली, तपासता येणारी, गुण देता येणारी सामग्री. तिचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. आकृतीवाचून गिटारवर गाणे होत नाही हे आम्हांलाही कळते. पण कवितेची ओळ तोंडाने म्हणणे, तिच्यातला विराम ओळखणे, अक्षर कुठे लांबते आणि कुठे तुटते ते जाणणे, एकच ओळ दहा वेळा म्हणून दहावी वेळ पहिलीपेक्षा वेगळी का झाली ते ऐकणे, हा उजव्या हाताचा भाग अभ्यासक्रमातून कधी गळाला ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आणि इथे त्या विद्यार्थ्याची गोष्ट पुरी करणे भाग आहे. त्याची लय इतकी पक्की कशी, असे आम्ही त्याला एकदा विचारले. त्याने सहज सांगितले की घरी तुकडोजी महाराजांच्या भजनाची परंपरा. लहानपणापासून मंडळात खंजिरी वाजवली. गिटार नंतर आली. म्हणजे आम्ही फळ्यावर लयतत्त्वाचे तीन प्रकार लिहीत होतो तेव्हा त्या वर्गात ज्याच्या हातात लय होती असा मुलगा मागच्या बाकावर गप्प बसलेला होता. त्याला आम्ही तीन वर्षांत एकदाही कविता मोठ्याने वाचायला सांगितले नाही. त्याच्या उत्तरपत्रिका तेवढ्या तपासल्या. अशी किती मुले आमच्या हातून गेली असतील, हा विचार आता सुखाने झोपू देत नाही.

आमच्या प्रतिपादनावर येणाऱ्या आक्षेपांची आम्हांला कल्पना आहे. पहिला आक्षेप घोकंपट्टीचा. पाठांतराच्या जाचातून शिक्षणाला सोडवायला इतकी वर्षे गेली, आता पुन्हा त्याच दारात उभे राहायचे काय? आमचे उत्तर असे की घोकंपट्टी आणि सराव यांत कानाचा फरक आहे. घोकणाऱ्याचे कान बंद असतात. दहावी आवृत्ती पहिलीसारखीच व्हावी एवढीच त्याची इच्छा असते. सराव करणारा प्रत्येक आघात ऐकतो आणि पुढचा दुरुस्त करतो. माऊरो जुलियानी या इटालियन वादकाने १८१२ साली व्हिएन्नात आपली पहिली कृती म्हणून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासपुस्तकात उजव्या हातासाठी १२० पाठ आहेत, आणि ते सगळेच्या सगळे फक्त दोन स्वराकृतींवर बांधलेले आहेत. डावा हात त्या दोन जागांवर येत-जात राहतो आणि उजवा एकशे वीस रीतींनी तेच बोलतो. दोनशे वर्षांनंतरही जगभरचे गिटार शिक्षक ते पाठ देतात. दोन आकृतींत एकशे वीस भेद ऐकू येणे याला घोकंपट्टी म्हणता येणार नाही. एका ओवीचे किंवा एका अभंगाचे असे किती पाठ आपण वर्गात घेतो?

दुसरा आक्षेप, तंत्राच्या नियमांनी प्रतिभा मारली जाते हा. त्यावर एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईचे उदाहरण द्यावेसे वाटते. १८९३ साली जन्मलेली ही बाई डावखुरी होती. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार तिने तशीच उलटी धरली. त्यामुळे तिची बोटे खर्ज सांभाळीत आणि अंगठा चाल वाजवी. वर दिलेला सगळा नियम तिने असा उलटा केला. मधली कित्येक वर्षे तिने गिटारला हात लावला नव्हता. लोकसंगीताच्या संग्राहक अशा सीगर कुटुंबाकडे घरकाम करीत असताना ती पुन्हा वाजवू लागली, आणि १९५८ साली, साठी उलटल्यावर, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या उलट्या हातालाही आज एक पद्धत म्हणून मान आहे. पण तिच्या वादनात खर्जाचा ठोका कधी थांबत नाही. नियम कोणत्या बोटाने पाळावा याबाबत ती स्वतंत्र होती. लय पाळावी की नाही, हा प्रश्नच तिच्यापुढे नव्हता. मर्ढेकरांचे तरी काय? १९४७ च्या 'काही कविता'त मराठी कवितेचा चेहरा बदलला, तो ओवी-अभंगाचा जुना ठोका हातात पक्का असलेल्या माणसाने बदलला. मुक्तछंद लिहिणाऱ्या आमच्या तरुण कवींना आम्ही एवढेच विचारू की आपण कशातून मुक्त झालो ते आपल्याला म्हणून दाखवता येते काय?

तिसरा आक्षेप परकेपणाचा. गिटार आपली नव्हे. व्हायोलिन आणि हार्मोनियम तरी कुठे आपली होती? गोव्यात ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात तिला घर करून दिले. वाद्ये जात-गोत्र पाहून हातात येत नाहीत.

समीक्षेच्या अभ्यासकांसाठी आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. तार नखाने छेडावी की बोटाच्या मांसल टोकाने, हा गिटारच्या जगातला जुना वाद. फर्नांदो सोर नखाविना वाजवीत असे आणि १८३० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने नखांविरुद्ध परखड लिहिले. त्याचा समकालीन दिओनिसिओ आग्वादो नखांचा पुरस्कर्ता. दोघे पॅरिसमध्ये एकत्र वाजवीत, आणि सोरने दोघांसाठी म्हणून रचलेल्या युगुलवादनाचे नाव 'दोन मित्र' असे आहे. हे शक्य झाले कारण दोघेही एकाच नादाविषयी बोलत होते आणि तो नाद दोघांनीही ऐकलेला होता. आपल्या वाङ्मयीन वादांत मैत्री का टिकत नाही, याचे एक कारण हे तर नसेल की आपण न ऐकलेल्या कवितेविषयी भांडतो?

जवाहरनगरसारख्या ठिकाणी राहिल्याचा एक संस्कार असा की हाताच्या ज्ञानाला इथे कोणी कमी लेखत नाही. स्फोटकांच्या कारखान्यात तीच कृती रोज त्याच क्रमाने, त्याच काळजीने करण्याला 'यांत्रिक' म्हणून नाक मुरडण्याची चैन कोणाला परवडत नाही. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. त्या दुर्घटनेचा संबंध कोणाच्या हाताशी लावण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. आम्हांला आठवतात ते त्यानंतरचे दिवस. वसाहतीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आमची शिकवणी पंधरा दिवस झाली नाही. पुन्हा सुरू झाली तेव्हा तो म्हणाला, "सर, आज नुसता अंगठा." अर्धा तास आम्ही दोघांनी नुसता खर्ज वाजवला, त्याहून अधिक काही वाजवावेसे दोघांनाही वाटले नाही. हात कशाशी झुंजत असतात हे ज्यांना रोज आठवते, त्यांच्या मुलांना आम्ही साहित्यात हाताला जागाच नाही असे शिकवत आलो, याची लाज त्या दिवशी वाटली.

हाताचे ज्ञान एका धंद्यातून दुसऱ्यात जाते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मिरजेत तंबोरा आणि सतार घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम ओसरले तसे ते हात भोपळ्याकडे, लाकडाकडे आणि तारांकडे वळले. जव्हारी घासून काढणे हे काम धार लावण्याइतकेच हलक्या हाताचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धार ओळखणाऱ्या हाताला नाद ओळखता आला, तर टाळ-खंजिरी ओळखणाऱ्या हाताला कविता का ओळखता येणार नाही?

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिमानाची भाषणे आपण सर्वांनी ऐकली, काही आम्हीही केली. परंतु अभिजात म्हणवणाऱ्या भाषेच्या पदवीधराला तिचा अभंग हातावर वाजवून दाखवता येऊ नये, हे त्या अभिमानाशी जुळत नाही. माधव जूलियनांची 'छंदोरचना' १९३७ साली वाढीव रूपात आली. ती आज बहुतेक ग्रंथालयांत संदर्भाच्या कपाटात बंद असते. तिचा उपयोग तंबोऱ्यासारखा, रोज काढून जुळवण्यासाठी, व्हायला हवा होता.

म्हणून आमची सूचना अगदी छोटी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी मराठीच्या प्रत्येक आठवड्यात पंधरा मिनिटे फक्त वाचनाला द्यावीत. एक ओवी, एक अभंग, एक श्लोक, एखादी आजची कविता. बाकावर अंगठ्याने ठोका धरायचा आणि तो न थांबवता ओळ म्हणायची. अर्थ विचारायचा नाही, मत विचारायचे नाही, गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की गाईड निघते. ज्याला टाळ, खंजिरी, ढोलकी, डफ काही येत असेल त्याने पुढच्या बाकावर यावे. आणि शिक्षकांनी वर्षातून निदान एक गोष्ट अगदी पहिल्या पायरीपासून, आपल्यापेक्षा लहान माणसाकडून शिकावी. मग ते पोहणे असो, शिवण असो, की मोडी लिपी. नवशिका असणे म्हणजे काय हे विसरलेल्या माणसाने नवशिक्यांना शिकवू नये, असे आमचे आता ठाम मत झाले आहे. आमच्या महाविद्यालयात या वर्षी आम्ही ही पंधरा मिनिटे सुरू केली आहेत. पहिले तीन आठवडे हसण्यात गेले. चौथ्या आठवड्यात एका मुलीने विचारले की श्लोकाच्या या ओळीत ठोका अडखळतो तो आपल्या चुकीमुळे की कवीच्या. तिच्या प्रश्नावर वर्ग उरलेला तास भांडत होता.

आमच्या गिटारविषयी विचाराल, तर सीवरून ए मायनरवर जाताना अंगठा आता थांबत नाही. जीवर जाताना अजून थांबतो.